वहीतले आजोळ



आपल्या रामकुंडावर यात्रेकरू आला की तीर्थोपाध्याय आधी गाव व आडनाव विचारतात. मग नामावळीची वही निघते. आजे-पणजे कधी आले, सोबत कोण होते, हे त्यांच्या सहीनिशी सापडते. परंतु वंश चालतो तो मुलग्यांचा. सासरी गेलेल्या लेकीचा धागा माहेरच्या पानावर बहुधा तुटतो. मग आजीचे माहेर नातवंडांना कळावे कसे?

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचेही नाव येते, हे चांगले झाले. पण आजी, पणजीचे काय? प्रत्येकीने घरच्या वहीत त्यांची नावे, माहेरचे आडनाव व गाव लिहावे. घरात वडीलधाऱ्या बायका आहेत तोवर विचारून घ्यावे.