नाव आपलं, पेटी भाड्याची: फिरतीवरच्या माणसांसाठी ऑफिसचा ईमेल

आजचा भाग मी येलदरीतून, आमच्या घरातून रेकॉर्ड करतोय. मागे पंख्याचा आवाज येईल. तो मध्येच थांबला तर काय झालं ते ओळखा! आमच्या गावात पूर्णा नदीवर धरण आहे, धरणाला २२.५ मेगावॉटचं वीजकेंद्र आहे, तरी गावातली लाइट जायची तेव्हा जातेच. आजच्या विषयात ही लाइट पुन्हा येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

विषय असा. तुमचा छोटा धंदा आहे आणि माणसं दिवसभर फिरतीवर असतात. मग धंद्याचा ईमेल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचा, की एखाद्या कंपनीकडून भाड्याने घ्यायचा?

माझ्या मामांचं जिंतूरला ठिबक आणि पाइपचं दुकान आहे. चार पोरं औंढा, हिंगोली, सेलू, मंठा अशी फिरतात. पूर्वी प्रत्येक जण स्वतःच्या जीमेलवरून कोटेशन पाठवायचा. एक पोरगा काम सोडून गेला आणि त्याच्यासोबत दोन वर्षांचा पत्रव्यवहार गेला. कुणाला काय भाव दिला होता, दुकानात कुणालाच माहीत नाही. मामा म्हणाले, "आरं, एवढं बीटेक केलंस, दुकानाचा ईमेल तरी करून दे की."

मला काय, निमित्तच पाहिजे होतं. दुकानाच्या नावाचं डोमेन घेतलं. जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकलं, मेल पाठवायला-घ्यायला पोस्टफिक्स आणि वाचायला डोव्हकॉट. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आणि खरंच उत्तम. शनिवार-रविवारात काम झालं. मामांना छाती फुगवून सांगितलं, "महिन्याचा खर्च शून्य."

दुसऱ्याच महिन्यात हिंगोलीकडच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "तुमचं कोटेशन आलंच नाही, आम्ही दुसरीकडून माल घेतला." मी लॉग बघितला, मेल गेलेला होता. मामांनी विचारलं, "गेला म्हणतोस, मग पोचला कामून नाही?"

पोचला होता, पण स्पॅममध्ये. आणि इथेच स्वतःच्या सर्व्हरची खरी किंमत कळते. समोरचा सर्व्हर तुमचा मेल घेताना तुमची पत बघतो. हा मेल कुठल्या आयपी पत्त्यावरून आला? घरगुती ब्रॉडबँडचे पत्ते स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या यादीत असतात. त्यांवरून थेट मेल येऊच नये असं धरलेलं असतं. मग तुम्हाला कायमचा आयपी लागतो, त्या आयपीवरून उलट शोधलं तर तुमचं नाव निघावं लागतं. त्यावर एसपीएफ, म्हणजे आमच्या नावाने कोण मेल पाठवू शकतो त्याची यादी. डीकेआयएम, म्हणजे प्रत्येक मेलवर डिजिटल सही. आणि डीमार्क, म्हणजे हे जुळलं नाही तर त्या मेलचं काय करायचं याची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने हे नियम आणखी कडक केलेत. हे सगळं करता येतं, मी नंतर केलंही. पण एकदा करून भागत नाही, त्यावर कायम लक्ष ठेवावं लागतं.

आता लाइट. दुकानातली लाइट गेली तर येणारा मेल लगेच हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पण औंढ्यात गिऱ्हाइकासमोर बसलेल्या पोराला मागच्या आठवड्याचा भाव आत्ता दाखवायचाय, आणि सर्व्हर जिंतूरला अंधारात! यूपीएस दोन तास टिकला, लाइट पाच तास गेली. त्या दिवशी त्या पोराने मला फोनवर जे ऐकवलं ते इथे सांगता येणार नाही.

तिसरी गोष्ट सुरक्षेची. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट एक्सचेंजमधली भोकं उघडी पडली आणि जगभरात हजारो कंपन्यांचे स्वतः चालवलेले सर्व्हर फोडले गेले. मायक्रोसॉफ्ट स्वतः चालवते त्या ऑनलाइन सेवेला त्याचा फटका बसला नाही. अपडेट आलं की त्याच दिवशी टाकणारा माणूस तुमच्याकडे आहे का? मामांकडे मी होतो, आणि मी पुण्यात नोकरीला.

मग भाड्याने घ्या, विषय संपला? थांबा, दुसरी बाजू ऐका. नायरा एनर्जी ही मुंबईत मुख्यालय असलेली मोठी तेल कंपनी, रशियाच्या रोझनेफ्टचा तिच्यात मोठा हिस्सा. १८ जुलै २०२५ ला युरोपियन युनियनने तिच्यावर निर्बंध घातले, आणि २२ जुलैला मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांचं आउटलुक बंद, टीम्स बंद. पैसे भरलेले असून! कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, ३० जुलैच्या सुमारास सेवा परत सुरू झाली. मधल्या दिवसांत ईमेलसाठी त्यांनी मुंबईच्याच रेडिफचा आधार घेतला.

एवढ्या मोठ्या कंपनीवर ही वेळ येते, तर आपण कोण? पण यातच आपला धडा आहे. पेटी बदलता येते, कधी? जेव्हा नाव तुमचं असतं. डोमेनमध्ये एमएक्स नावाची एक नोंद असते. या नावाचा मेल कुठे न्यायचा हे ती सांगते. आमच्याकडच्या भाषेत सांगतो. येलदरीचं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि कालवे तिथून निघतात. गेट ज्याच्या हातात, पाणी त्याच्या हातात. एमएक्स हे तुमचं गेट आहे. ते हातात असलं की आज या कंपनीकडे, उद्या त्या कंपनीकडे. गिऱ्हाइकाला पत्ता तोच दिसतो.

केंद्र सरकारनेही असंच केलंय. सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल झोहोच्या प्रणालीवर गेले, पण पत्त्यातलं सरकारी डोमेन कायम राहिलं.

आम्ही शेवटी काय केलं? जुना डेस्कटॉप बंद केला आणि पाच पेट्या भाड्याने घेतल्या. माणशी महिन्याचा खर्च सिनेमाच्या एका तिकिटापेक्षा कमी. पण चार गोष्टी पक्क्या केल्या, त्या लिहून घ्या.

एक, डोमेन मामांच्या नावावर, मामांच्या मोबाइलवर. वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या नावावर नाही, आणि माझ्याही नाही.

दोन, सगळ्या फोनवर आयमॅप. जुन्या पीओपी पद्धतीत मेल एका यंत्रावर उतरतो आणि बहुतेक वेळा सर्व्हरवरून पुसला जातो. आयमॅपमध्ये तो सर्व्हरवरच राहतो. फोन विहिरीत पडला तरी मेल शाबूत.

तीन, ॲडमिनची किल्ली दुकानात. कुणी काम सोडलं की त्याच दिवशी पासवर्ड बदलायचा, पेटी दुकानाकडेच राहते. प्रत्येकाला दोन टप्प्यांचं लॉगिन.

चार, दर महिन्याला सगळ्या मेलची प्रत दुकानातल्या हार्ड डिस्कवर. भाड्याच्या घरात राहतो म्हणून दागिने घरमालकाकडे ठेवत नाही ना आपण?

स्वतःचा सर्व्हर वाईट असं मी म्हणत नाही. तुमच्याकडे पूर्णवेळ माणूस असेल, डेटा स्वतःच्याच जागेत ठेवायची अट असेल, तर जरूर चालवा. शिकायला तर प्रत्येक इंजिनिअरने एकदा चालवावाच. फक्त शिकताना मामांचं गिऱ्हाईक पणाला लावू नका. मी लावलं होतं. ते गिऱ्हाईक अजून परत आलेलं नाही.

तर आज एकच काम करा. घरच्या, मित्राच्या, कुणाच्याही धंद्याचं डोमेन कुणाच्या नावावर आहे ते विचारा. उत्तर "बघावं लागंल" असं आलं, तर हा भाग त्यांना पाठवा.

पंखा अजून चालू आहे. तो थांबायच्या आत थांबतो. भेटू पुढच्या भागात!