विहीर एक, टेबलं चार

मागच्या खेपेला आम्ही बचत गटाच्या हप्त्यांवर बोललो, तेव्हा तुमच्यातल्या बऱ्याचजणींनी निरोप धाडला, "हप्त्यांचं कळलं, आता जरा पाण्याचं बोला." म्हणून आज पाण्याचं बोलू. पण सुरुवात आपल्या आडापासून नाही, पुणे शहरापासून करू. तुम्ही म्हणाल, शहराच्या कारभाराशी आपलं काय देणंघेणं? आपलं दूध तिकडं जातं, भाजी तिकडं जाते, लेकी तिकडं दिल्यात. आणि दर थोड्या वर्षांनी शहर चार पावलं पुढं सरकून एखाद्या गावाला पोटात घेतं. आज त्यांचं गाव गेलं, उद्या आपलं जाईल. तेव्हा तिकडं काय घडलं ते नीट ऐकून ठेवलेलं बरं.

गोष्ट जानेवारी २०२५ ची. संक्रांत होऊन आठवडाच झाला असेल. पुण्याच्या दवाखान्यांत एकसारखी लक्षणं असलेली माणसं येऊ लागली. आधी जुलाब-उलट्या झालेल्या, मग काही दिवसांनी पायाला मुंग्या, पाय उचलेना, जिना चढवेना, हातातला पेला सुटायला लागला. काहींचा श्वास अडकला आणि त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. या आजाराचं नाव गुइलेन-बॅरे सिंड्रोम, लोक त्याला जीबीएस म्हणू लागले. एरवी हा आजार क्वचित कुठंतरी एखाद्याला होतो. इथं महिन्याभरात संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काहीजण दगावले. पुष्कळजण बरे झाले, पण अंथरुणातून उठून पुन्हा चालायला लागायला कुणाला आठवडे लागले, कुणाला महिने.

हा आजार म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. आपल्या अंगात रोगाशी लढणारी शक्ती असते. कधी कधी ती पोटातल्या जंतूशी लढता लढता चुकते आणि आपल्याच नसांवर उलटते. नसा दुबळ्या झाल्या की हातपाय ऐकत नाहीत. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, म्हणून रुग्णाजवळ जायला घाबरू नका. पण ज्या जंतूमुळं आधी पोट बिघडतं, तो मात्र पाण्यातून आणि अन्नातून पसरतो. पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले, त्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू आणि नोरोव्हायरस सापडले. हा कॅम्पिलोबॅक्टर घाण मिसळलेल्या पाण्यात आणि अर्धवट शिजलेल्या कोंबडीच्या मटणात असतो. ज्याच्या पोटात तो जातो त्या प्रत्येकाला जीबीएस होत नाही, फार थोड्यांना होतो. पण ते थोडे कोण, हे आधी कुणाला सांगता येत नाही.

आता रुग्ण कुठले होते ते ऐका. सगळ्यात जास्त रुग्ण सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातले होते. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला, धायरी. ही नावं तुमच्या ओळखीची असतील. कालपर्यंत ही गावंच होती. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं घेतली, त्यात धायरी होती. मग २०२१ च्या जून महिन्याअखेर आणखी २३ गावं घेतली, त्यात नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला. त्यामुळं पुणे क्षेत्रफळानं मुंबईहून मोठी महापालिका झाली. गावच्या पाटीवर महापालिकेचं नाव लागलं. इमारती उठल्या, भाडेकरू आले, माणसं दुप्पट-तिप्पट झाली. पाणी मात्र जुन्याच विहिरीचं. धरणाच्या अंगच्या विहिरीतलं पाणी जंतुनाशक घालून सोडलं जात होतं. शहराच्या जुन्या भागाला जसं गाळून, निवळून, शुद्धीकरण केंद्रातून पाणी मिळतं, तसं या भागाला मिळत नव्हतं. तपास झाला तेव्हा सगळ्यांचं बोट आधी पाण्याकडं गेलं ते म्हणूनच.

मग महापालिकेचे सगळे विभाग एकदम हलले. पाणीपुरवठा विभागानं ठिकठिकाणचे नमुने घेतले, क्लोरिन वाढवलं. आरोग्य विभागाची माणसं हजारो घरं फिरली, कुणाला जुलाब आहेत का, कुणाच्या पायात मुंग्या आहेत का, विचारत. खासगी आरओच्या प्लांटांची तपासणी झाली. लोक तिथून जार भरून आणत होते, "फिल्टरचं पाणी" म्हणून. त्यातल्या काहींच्या पाण्यात विष्ठेतले जंतू निघाले, काहींकडं परवानगीच नव्हती. असे जवळपास ३० प्लांट बंद केले. केंद्र सरकारनं तज्ज्ञांचं पथक धाडलं. औषधाचं एकेक इंजेक्शन हजारो रुपयांचं, आणि रुग्णाला ती बरीच लागतात, म्हणून महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात मोफत उपचार जाहीर झाले.

आमच्यातल्या एकीची लेक त्याच पट्ट्यात नांदते. त्या दिवसांत रोज रात्री मायलेकींचा फोन व्हायचा. लेक म्हणायची, "आई, दिवसभर पाणीच उकळतेय. गॅसची टाकी पंधरा दिवस आधीच संपली." नातवाच्या शाळेच्या बाटलीत उकळलेलं पाणी, सासऱ्यांच्या गोळ्यांना उकळलेलं पाणी, भाजी धुवायलाही तेच. पोराला रात्री पायाला जरा मुंग्या आल्या की घर जागं. मांडी घालून बसल्यामुळं आल्या असतील, असं कुणी म्हणायला धजत नव्हतं. सुदैवानं त्या घरात कुणाला काही झालं नाही. पण त्या लेकीनं एक वाक्य बोललं, ते आम्हा चौघींच्या डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, "आई, गावात असताना पाणी वंगाळ आलं की तुम्ही बाया पंचायतीच्या दारात जाऊन बसायच्या. इथं मी कुठल्या दारात बसू?"

बायांनो, सगळी गोम इथंच आहे. शहराचा कारभार टेबलांवर वाटलेला असतो. नळ पाणीपुरवठा विभागाकडं. गटार मलनिस्सारण विभागाकडं. जुलाब आरोग्य विभागाकडं. अर्ज घ्यायला क्षेत्रीय कार्यालय. प्रत्येक टेबलावरचा माणूस आपापलं काम चोख करत असेलही. पण गटार आणि नळ जमिनीखाली शेजारी शेजारी जातात, त्यांना टेबलं ठाऊक नसतात. गटाराचं पाणी नळात शिरतं आणि नळाचं पाणी लेकराच्या पोटात जातं. या चारही गोष्टी एका नजरेत कुणाला दिसतात? घरातल्या बाईला. पाण्याला वास आला हे तिला कळतं, बाहेर गटार तुंबलंय हे तिला दिसतं, आणि पोराचं पोट बिघडलं तर रात्रभर तीच जागते.

मग तिनं हे सांगायचं कुणाला? नगरसेवकाला म्हणाल, तर पुण्यातल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर प्रशासक आले, आणि पुढची निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे २०२१ मध्ये ज्या गावांची ग्रामपंचायत गेली, त्यांना साडेचार वर्षं ना आपला सरपंच होता, ना आपण निवडलेला नगरसेवक. आजार आला तो नेमका याच मधल्या काळात. ग्रामपंचायत बरखास्त झाली की ग्रामसभाही जाते. जिथं उभं राहून "पाणी का आलं नाही?" असं विचारायचा कायद्यानं हक्क होता, ती जागाच राहत नाही. शहरात गेल्यानं रस्ते मिळतात, बस मिळते, मोठा दवाखाना मिळतो, ते आम्ही नाकारत नाही. पण ही एक गोष्ट हातची जाते आणि ती गेल्यावरच कळते.

आता आपल्याकडं वळू. पुण्याच्या बातम्या ऐकून आम्हाला वाटलं, आपली विहीर तरी कुठं वेगळी आहे? म्हणून आमच्याच गावात बघायला गेलो. गावाचं नाव घेत नाही, आमचं आम्हाला माहीत आहे. पंचायतीच्या खोलीत टीसीएल पावडरचं पोतं कोपऱ्यात होतं, तोंड उघडं, खाली ओल. पावडर हातात घेतली तर डोळ्यांना झोंबेना की नाकाला वास लागेना. तोंड उघडं राहिलं की त्यातलं क्लोरिन उडून जातं आणि उरतो नुसता चुना. नोंदवहीत मात्र रोज शुद्धीकरण झालेलं होतं.

हसू नका, पुढचं आमच्याच अंगाशी येणार आहे. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायला प्रत्येक गावात पाच बायांना शिकवायचं ठरलं. आमच्या गावच्या त्या पाचजणींत आम्ही दोघी होतो. शिकलो, चहा घेतला, फोटो काढला आणि तपासणीची पेटी पंचायतीतल्या कपाटावर ठेवून दिली. काढून बघितली तर आतल्या रसायनांची तारीख उलटून गेलेली. तेव्हा दुसऱ्यावर बोट दाखवताना आमची मान खालीच होती.

आरोग्य सेवकांना बोलावून ओटी चाचणी करून घेतली. नळाच्या पाण्यात थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरिन आहे, पांढरंच राहिलं तर नाही. त्या दिवशी टाकीपासून शेवटच्या वस्तीपर्यंत पाणी पांढरंच राहिलं. तालुक्याहून नवं पोतं आलं, पुन्हा चाचणी झाली. टाकीजवळ पिवळं, मधल्या आळीत फिकट, आणि शेवटच्या वस्तीवर पुन्हा पांढरं. शोधत गेलो तर पाइपाचे दोन जोड गटारातूनच गेलेले आणि दोन्ही गळके. पुढच्या महिला सभेत आम्ही पंधराजणी तीन बाटल्या घेऊन बसलो. सरपंचताई म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलं?" आम्ही म्हणालो, "ताई, आधी आम्हीच बघितलं नव्हतं." ठराव झाला. एक जोड दुरुस्त झाला. दुसरा अजून व्हायचा आहे, आणि आम्ही दर सभेला त्याचं नाव काढतो.

तुमच्या गटानं काय करायचं, ते आता सांगतो. लिहून घ्या.

टीसीएलचं पोतं बघा. तोंड बांधलेलं हवं, कोरड्या जागी हवं, उघडल्यावर उग्र वास यायला हवा. साधारण हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम, हे चांगल्या पावडरचं प्रमाण. पावडर मेलेली असेल तर प्रमाण पाळूनही उपयोग नाही. पावडर घातल्यावर अर्धा तास जाऊ द्यायचा, मग पाणी सोडायचं. पाणी गढूळ असेल तर क्लोरिनचा जोर गाळातच संपतो, म्हणून पावसाळ्यात नुसत्या पावडरीवर विसंबू नका.

ओटी चाचणी शेवटच्या घराच्या नळाला करायला लावा. टाकीजवळची चाचणी म्हणजे भात शिजला का बघायला वरचंच शीत दाबणं. आणि थेंब टाकलेलं पाणी प्यायचं नाही, ओतून द्यायचं.

पंचायतीला पाण्याचं कुठलं कार्ड आहे ते विचारा. लाल म्हणजे धोका जास्त, पिवळं म्हणजे मध्यम, हिरवं म्हणजे कमी. ते कार्ड कपाटात नको, पारावर लावायला सांगा. गावात पैसे टाकून जार भरायचं मशीन असेल, तर त्याच्या पाण्याचा तपासणी अहवालही मागा. गार आणि चकचकीत पाणी शुद्धच असतं असं नाही.

आणि घरात कुणाला जुलाब होऊन गेले, मग आठ-पंधरा दिवसांत हातापायाला मुंग्या आल्या, पायातलं बळ कमी होत गेलं, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, तर वाट बघू नका. दृष्ट काढत बसू नका. थेट मोठ्या दवाखान्यात न्या. या आजारात लवकर गेलेल्याला फायदा होतो.

शेवटचं एक. तुमच्या गावात ग्रामसभा अजून आहे ना? तिच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची असते, तिचे ठराव ग्रामसभेत मांडायचे असतात. आपण तिला सही-अंगठ्याचं काम समजतो आणि भाकरी टाकायच्या राहिल्यात म्हणून उठून येतो. त्या लेकीचा प्रश्न आठवा, "कुठल्या दारात बसू?" तुम्हाला आज एक दार आहे, तिथं विहीर, टाकी, गटार, दवाखाना सगळ्यांचं उत्तर एकाच जागी मागता येतं. ज्यांचं गाव शहरात गेलंय, त्या बायांनी तुटून जाऊ नये. गट तोच ठेवावा, महिन्याला बसावं, एकच अर्ज करून त्याच्या प्रती पाणी, गटार आणि आरोग्य, तिन्ही विभागांना द्याव्या आणि पोच घ्यावी. आता निवडून आलेले नगरसेवक आहेत, त्यांनाही एक द्यावी. टेबलं वेगळी असली तरी आपला अर्ज त्यांना एकत्र बांधू शकतो.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा आम्ही आमच्या दुसऱ्या जोडाचं काय झालं ते सांगू. तोवर तुम्ही तुमच्या शेवटच्या नळाचं पाणी पिवळं झालं की पांढरंच राहिलं, ते आम्हाला कळवा. बरं, येतो आम्ही. पाणी झाकून ठेवा.