आडवळणाचे गाव आणि शिक्षणाची वाट
(वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



आपल्या हिंगोलीचे नाव काढले की बाहेरचा मनुष्य म्हणतो, "फार आडवळणाला आहे बुवा तुमचे गाव!" हे म्हणणे अगदीच खोटे नाही. मनमाड-सिकंदराबाद हा मुख्य लोहमार्ग पूर्णा जंक्शनावरून नांदेडकडे निघून जातो. आपण त्याच्या फाट्यावर. पूर्णा-अकोला मार्ग मीटरगेज होता तोवर मुंबईला जाणाऱ्यास वाटेत गाडी बदलावीच लागे. २००८ साली हा मार्ग रुंद झाला, आणि जालन्याहून सुटणारी मुंबईची जनशताब्दी हिंगोलीपर्यंत यायला मार्च २०२४ उजाडावे लागले. परभणीतून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला तोही १ मे १९९९ रोजी.

पण रेल्वेपेक्षाही महत्त्वाची एक वाट आहे. ती विद्येची. निजामाच्या अमदानीत इथल्या मुलाचे विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. ते १९१८ साली स्थापन झाले. पुढे १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आले आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. म्हणजे हैदराबादचे अंतर औरंगाबादवर आले आणि औरंगाबादचे नांदेडवर. विद्यापीठ आपल्या दिशेने चालत आले. आता प्रश्न एवढाच उरतो की आपण त्याच्या दिशेने किती पावले टाकली?

अंतर केवळ मैलांचे नसते. एक अंतर भाषेचे असते. उस्मानियात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरातल्या मुलाला त्या भिंतीवरून चढून जावे लागले. आज पारडे फिरले आहे. उर्दू शाळेत शिकलेला आपला हुशार मुलगा महाविद्यालयात पाऊल ठेवतो आणि मराठी-इंग्रजीपुढे गप्प होतो. त्याची बुद्धी कमी नसते. फक्त शब्द अपुरे पडतात. त्यावर इलाज आहे. उर्दू आपली आहे, ती जपा. पण मराठीही आपलीच आहे. बाजारात, शेतात, कचेरीत आपण तीच बोलतो. पाचवीपासून मुलाच्या हाती रोज मराठी वर्तमानपत्र द्या आणि इंग्रजीची दहा वाक्ये लिहवून घ्या. दहावीपर्यंत भिंत निम्मी उतरलेली असेल.

दुसरे अंतर माहितीचे. गरिबाच्या मुलाची संधी पुष्कळदा पैशावाचून जात नाही, एका दाखल्यावाचून जाते. २०२४-२५ पासून ओबीसी, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतील, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शासनाने शुल्क माफ केले आहे. परंतु उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तिथे जातीचा दाखला हाती नसेल, तर ही माफी कागदावरच राहते. निकाल लागल्यावर तहसिलीत धावपळ करू नका. मुलगी अकरावीत गेली की कागदपत्रे तयार ठेवा.

तिसरे अंतर सर्वांत अवघड, कारण ते आपल्या उंबरठ्यातच असते. गावात सातवीपर्यंत शाळा, पुढची शाळा तालुक्याला. मुलगा एसटीत चढतो आणि मुलगी घरी बसते. वडील म्हणतात, "जमाना खराब आहे." वडिलांची काळजी खोटी नाही, म्हणून तिची टिंगल करू नये. तिच्यावर तोड काढावी. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत शाळेचा एसटी प्रवास मोफत आहे. एका गावच्या पाच मुली एकत्र निघाल्या, आळीपाळीने एका घरचे वडीलधारे थांब्यापर्यंत गेले, तर काळजीचे ओझे पाचांत वाटले जाते. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की चार दिवस शाळा बुडते. ते समजण्यासारखे आहे. पण त्या चार दिवसांचे चाळीस होऊ देणे हे मात्र ओढ्याचे काम नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी एक गोष्ट. औंढा नागनाथ तालुक्यात 'लायगो-इंडिया' ही प्रयोगशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांतून लेसरचा किरण जाईल आणि अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपल्या जातील. अशी पहिली लहर अमेरिकेतील यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपली. ती सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आली होती. हे यंत्र इतके हळवे असते की जवळून जाणारा ट्रकही त्याला डळमळवतो. म्हणून शास्त्रज्ञांनी शांत, गजबजाटापासून लांबची जमीन शोधली. ज्या आडवळणाबद्दल आपण कुरकुर करतो, तेच आपले भांडवल ठरले!

पण त्या प्रयोगशाळेच्या फाटकातून आपली मुले कोणत्या कामासाठी आत जाणार? फाटक उघडण्यासाठी, की आतले यंत्र चालविण्यासाठी? तिथे विद्युत, वातानुकूलन, संगणक, निर्वात नळ्या हे सारे सांभाळणारी माणसे लागतील. आज आठवीत गणिताला घाबरणाऱ्या मुलाने याचा विचार आजच करावा. यंत्र दाराशी आले म्हणून विद्या आपोआप घरात येत नाही.

याच जिल्ह्यातील नरसीचे संत नामदेव तेराव्या-चौदाव्या शतकात पंजाबपर्यंत पोहोचले आणि त्यांची पदे गुरु ग्रंथसाहिबात स्थान पावली. त्या काळी ना रेल्वे होती ना एसटी.

पालक बांधवांनो, रस्ता सरकारकडे मागा, गाडी मागा, हक्काने मागा. पण मुलीचे दप्तर खुंटीवरून काढून तिच्या खांद्यावर द्यायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. ते काम येत्या जूनमध्ये आपल्या घरापासून सुरू व्हावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.