कोंबडीचा गळा सकाळी चाचपा

श्रोतेहो, बोरिवलीहून बोटीनं खाडी ओलांडून गोराईला उतरलं, की आपण मुंबईतच आहोत यावर पाहुण्यांचा विश्वास बसत नाही. इथं अजून घरामागं खुराडं दिसतं. गोरेगावला आरेच्या पाड्यांवरही दिसतं. चार-सहा गावठी कोंबड्या, एखादा कोंबडा, एवढाच पसारा. आजाराचा विषय निघाला की सगळे मानमोडीबद्दल विचारतात. गळ्यातल्या पिशवीबद्दल कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

आमची एक तलंग नुकतीच अंड्यावर आली होती. दोन दिवस ती कोपऱ्यात पिसं फुलवून बसली. गळ्याखाली मोसंब्याएवढी गाठ. एका अनुभवी माणसानं सांगितलं, "पाय धरून उलटी करा, गळा दाबा, सगळं बाहेर पडेल." मी तसंच केलं. चोचीतून आंबूस पाणी आलं, ती दोनदा धडपडली आणि माझ्या हातातच गेली. बाहेर येणारं पाणी श्वासनळीत शिरलं होतं. पिशवी उघडून पाहिली, तर आत सुकं गवत, नारळाचा काथ्या आणि गजऱ्याचा दोरा यांचा घट्ट बोळा. दोरा आमच्याच घरातला होता.

कोंबडीला दात नाहीत. टिपलेले दाणे आधी मानेच्या बुडाशी, तिच्या उजव्या अंगाला असलेल्या अन्नपिशवीत साठतात, भिजतात आणि मग थोडे थोडे पुढं सरकतात. पुढं पेषणी असते. गिळलेल्या बारीक खड्यांच्या मदतीनं ती जात्यासारखी दळते. म्हणून संध्याकाळी पिशवी भरलेली असणं हे चांगलंच लक्षण. आमच्या सासूबाई खुराडं लावताना प्रत्येकीचा गळा चाचपायच्या, कोण उपाशी राहिली ते कळावं म्हणून. आजार मात्र सकाळी कळतो. रात्रभरात पिशवी रिकामी व्हायला हवी. दाणे टाकायच्या आधी हात लावा. तेव्हाही ती भरलेली असेल, तर काहीतरी अडलं आहे.

आता हाताला काय लागतं ते पाहा. मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं घट्ट लागलं, तर बोळा अडकला आहे. पाणी भरलेल्या फुग्यासारखं लिबलिबीत लागलं आणि चोचीला आंबलेला वास आला, तर आत बुरशी वाढली असण्याची शक्यता मोठी. या दोन्हींचा उपाय एक नाही, आणि घरोघरी चूक होते ती इथंच.

घट्ट गोळा असेल, तर कोंबडी वेगळ्या टोपलीत ठेवा. खाली पेंढा नको, ती तोच खाईल. एक दिवस दाणे बंद, पाणी मात्र सतत समोर हवं. कोमट खोबरेल चोचीच्या कडेनं थेंब थेंब सोडा, सगळं मिळून अर्ध्या चमच्यापेक्षा जास्त नको. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, म्हणून घशात धार धरायची नाही. मग तिला सरळ उभी धरून बोटांनी गोळा हलकेच कुस्करा. पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. सैल झाला तर उकडलेलं अंडं कुस्करून थोडं द्या. जवळ बारीक खडी ठेवा.

आंबूस फुगा असेल तर तेल नको. पाव, शिळा भात, गूळपाणी तर मुळीच नको, त्यावर बुरशी फोफावते. बुरशीचं औषध पशुवैद्यानंच वजन पाहून द्यायचं असतं. घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळीनं बुरशी उलट वाढू शकते.

ब्लेडनं पिशवी कापून सुईदोऱ्यानं शिवणारेही असतात. कोंबडीला वेदना होतात, श्रोतेहो. ती ओरडत नाही म्हणून होत नाहीत असं नाही. हीच शस्त्रक्रिया पशुवैद्य नीट करू शकतात. परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आता कुणी म्हणेल, कोंबडीची किंमत ती काय, आणि तिच्यासाठी बोट, रिक्षा, लोकल! हिशेब खरा आहे, मी तो नाकारत नाही. म्हणून तर घरचा उपाय सांगितला. पण दुसऱ्या सकाळीही गोळा तसाच असेल, तर घरी झटापट वाढवू नका.

एक गोष्ट वेगळी. एकापेक्षा जास्त कोंबड्या मलूल झाल्या, हिरवट पातळ विष्ठा, मान वाकडी असं दिसलं, तर गळा चाचपत बसू नका. मानमोडीतही पिशवीत पाणी साचू शकतं. पक्षी पटापट मरू लागले, तर उघड्या हातानं उचलू नका आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या.

आमच्याकडे आता गजऱ्याचा दोरा, रबरबँड आणि पिशव्यांच्या चिंध्या वेगळ्या डब्यात जातात. गवत बोटभर कापून टाकतो. सकाळी सहाला सासूबाई खुराडं उघडतात, तेव्हा दाण्याची वाटी माझ्या हातात असते आणि सगळ्यांचे गळे चाचपून होईपर्यंत त्या ती खाली ठेवू देत नाहीत.