संकेतस्थळ संस्थेच्या ताब्यात हवे



समोर वाचनालये, महिला मंडळे, नाट्यसंस्था चालवणारी मंडळी बसली आहेत. म्हणून मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांविषयी मी बोलणार नाही. जुने वाचनालय आहे, पैसे बेताचे आहेत, पदरी तांत्रिक माणूस नाही आणि तरीही संकेतस्थळ हवे आहे, अशा संस्थेने काय करावे, एवढेच सांगणार आहे. संकेतस्थळ बनवून देणारे पुष्कळ मिळतात. ते पुढची दहा-वीस वर्षे संस्थेच्या ताब्यात राहील ही व्यवस्था मात्र संस्थेलाच करावी लागते, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

पूर्वी प्रत्येक पान स्वतंत्र लिहावे लागे. वाचनालयाची वेळ बदलली तरी जाणकाराला बोलवावे लागे. ही अडचण आशय-व्यवस्थापन प्रणालींनी दूर केली. बेल्जियमच्या द्रीस बाउताएर्ट यांचे ड्रुपल २००१ साली आले, मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांचे वर्डप्रेस २७ मे २००३ रोजी, आणि जूमला २००५ मध्ये. तिन्ही मुक्त आणि विनामूल्य आहेत. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो आणि त्याचे दिसणे 'थीम' ठरवते, त्यामुळे एकाला हात न लावता दुसरे बदलता येते. लहान संस्थेला माझा सल्ला वर्डप्रेसचा. जगातली सुमारे चाळीस टक्के संकेतस्थळे त्यावर चालतात, म्हणून मदत करणारा माणूस तालुक्याच्या गावीही सापडतो. शिवाय त्याचा कारभाराचा पडदा मराठीत मिळतो. ज्या ग्रंथपालबाईंना रोज सूचना टाकायची आहे, त्यांच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे.

आता ताब्याचा प्रश्न. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावावर आहे? पुष्कळ ठिकाणी ते बनवणाऱ्याच्या नावावर आणि त्याच्याच ईमेलवर नोंदलेले असते. तो गाव सोडून गेला, फोन उचलेनासा झाला, की नूतनीकरणाची सूचना कोणालाच पोहोचत नाही आणि वर्षानुवर्षे छापलेल्या पत्रिकांवरचे नाव हातचे जाते. नोंदणी संस्थेच्या नावावर हवी, ईमेल पदाचा हवा, व्यक्तीचा नको. मुदत संपण्याची तारीख कचेरीतल्या फळ्यावर लिहून ठेवा. इमारतीच्या घरपट्टीची पावती आपण जपतो ना, तीच काळजी इथे घ्या. सर्व्हरवरच्या जागेचे भाडे आणि नावाचे नूतनीकरण हा दरवर्षीचा खर्च आहे, तो अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत दाखवा.

मजकुराकडे येतो. वर्डप्रेसमध्ये 'पान' आणि 'लेख' असे दोन प्रकार आहेत. संस्थेचा इतिहास, वेळ, वर्गणी, पत्ता यांची पाने करावीत. व्याख्यान, पुरस्कार, नवी पुस्तके हे सगळे लेखात जावे, कारण लेखांना तारीख आणि वर्गवारी मिळते आणि दहा वर्षांनी त्यातूनच संस्थेचा वृत्तान्त उभा राहतो. हा भेद पहिल्या दिवशी पाळला नाही, तर शंभर पाने साचतात आणि काहीही सापडत नाही.

मराठीचा मुद्दा मला अधिक वेळ घेऊन सांगायचा आहे. आपल्याकडे जुनी सूची, अहवाल, स्मरणिका जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप झाल्या आहेत. तो मजकूर तसाच संकेतस्थळावर चिकटवला, की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो, कारण त्या फाइलीत मराठी अक्षरे नसतातच, फक्त त्यांचे चित्र दाखवणारी सोय असते. आधी युनिकोड या प्रमाण अक्षरसंकेतात रूपांतर करा आणि मग माणसाने वाचून घ्या. 'दऱ्या', 'वाऱ्या' यांतला ऱ्य, रफार, पहिली वेलांटी या जागा हमखास चुकतात. संकेतस्थळाची भाषा 'मराठी' अशीच निवडा, हिंदी नको. म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे दिसतील.

पानाच्या पत्त्याचेही असेच. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता आपोआप बनवते, पण त्या पत्त्याची मर्यादा २०० चिन्हांची आहे. देवनागरीतले प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त पत्त्यात टक्क्याच्या चिन्हांसह नऊ चिन्हांची जागा घेते. म्हणजे जेमतेम बावीस खुणा मावतात. 'वासंतिक व्याख्यानमाला उद्घाटन समारंभ' असे शीर्षक दिले, तर पत्ता 'उद'पर्यंत येऊन तुटतो. पुढल्या वर्षी तेच शीर्षक दिले, की जवळजवळ तोच पत्ता पुन्हा बनतो आणि शेवटी फक्त २ चा आकडा लागतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना तर टक्क्यांची लांबलचक माळ जाते. म्हणून शीर्षक मराठीतच ठेवा आणि पत्ता हाताने, रोमन लिपीत, वर्षासह, छोटा लिहा. एकदा दिलेला पत्ता बदलू नका. बदलावाच लागला तर जुन्यावरून नव्याकडे कायमची वाट करून द्या. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये याच विषयावर टिपण लिहिले होते, आणि पत्ते बदलू नयेत हा त्यातला आग्रह आजही तितकाच लागू आहे.

निमंत्रणपत्रिकेचे चित्र टाकून काम झाले असे समजणे, ही आपल्याकडची सर्वांत मोठी उणीव आहे. चित्रातली अक्षरे शोधयंत्राला भरवशाने सापडत नाहीत, मोबाइलवर नीट वाचता येत नाहीत, आणि दृष्टिहीन वाचकाला तर ती पत्रिका नसल्यासारखीच. एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा विनामूल्य प्रोग्रॅम ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतला. तो मराठीही वाचतो, पण मजकूर मजकुराच्या रूपात असेल तरच. वक्ता, विषय, दिवस, वेळ, स्थळ एवढ्या पाच ओळी टाइप करायला किती वेळ लागतो? चित्र जरूर लावा, पण त्याचे वर्णनही लिहा. मोबाइलमधला मूळ फोटो आधी लहान करून घ्या, कारण ग्रामीण भागातल्या वाचकाच्या डेटाचे पैसे त्यात जातात.

सुरक्षिततेबद्दल एक घटना सांगतो. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधील एक गंभीर दोष जाहीर झाला आणि त्याच वेळी त्यावरची दुरुस्तीही देण्यात आली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा गटाने सांगितले, की पहिल्या सात तासांत ज्यांनी दुरुस्ती बसवली नाही, त्यांनी आपले संकेतस्थळ परक्याच्या हाती गेले आहे असेच धरून चालावे. आपल्या घड्याळात हे सात तास रात्री साडेनऊपासून पहाटे साडेचारपर्यंतचे होते. हल्ला करणारा माणूस आपल्या वाचनालयाचे नाव ऐकून येत नाही. त्याची यंत्रे दार उघडे असलेली सगळीच संकेतस्थळे धुंडाळत असतात, त्यामुळे 'आमच्याकडे चोरण्यासारखे काय आहे' या समजुतीला अर्थ नाही. किरकोळ सुधारणा वर्डप्रेस २०१३ पासून आपोआप बसवते. प्लगइन, म्हणजे जादा सोयी देणारे जोड-प्रोग्रॅम, आणि थीम यांनाही तशी परवानगी २०२० पासून देता येते, ती द्या. वापरात नसलेले प्लगइन नुसते बंद ठेवू नका, काढून टाका. पैशाची थीम कोणी फुकट देऊ केली, तर घेऊ नका. अशा प्रतीत अनेकदा चोरवाट ठेवलेली असते.

बॅकअपचे दोन भाग असतात, डेटाबेस आणि फाइली. एकच घेतला तर एकतर शब्द जातील नाहीतर छायाचित्रे. एक प्रत त्या सर्व्हरपासून दूर, संस्थेच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा, आणि वर्षातून एकदा ती दुसऱ्या जागी उघडून संकेतस्थळ खरेच उभे राहते का, ते पाहा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

शेवटी अधिकारांविषयी. प्रशासकाचे खाते दोघांकडेच असावे, त्यावर दुहेरी पडताळणी असावी. सूचना टाकणाऱ्यांना संपादक किंवा लेखक एवढाच अधिकार पुरतो. एकच पासवर्ड साऱ्या कार्यकारिणीत फिरवू नका. पदाधिकारी बदलले, की त्याच बैठकीत जुन्यांचे अधिकार काढून नव्यांना द्या आणि इतिवृत्तात नोंद करा. जुने खाते हटवताना वर्डप्रेस विचारते, की या व्यक्तीच्या मजकुराचे काय करायचे. तो दुसऱ्या खात्याच्या नावे करण्याचा पर्याय निवडा. घाईत मजकूर हटवण्याच्या पर्यायावर बोट पडले, तर त्या माणसाने अनेक वर्षे लिहिलेले सगळे लेख एका क्षणात संकेतस्थळावरून नाहीसे होतात.