गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर

फुटबॉलच्या सामन्याचा वृत्तान्त वर्तमानपत्रात आला, की त्यात गोल करणाऱ्याचे नाव हटकून असावयाचे. तो कितव्या मिनिटाला झाला, कोणत्या पायाने झाला, हेही असावयाचे. ज्याने गोल होऊ दिला नाही, त्याचे नाव मात्र शोधून काढावे लागते. घडलेल्या गोष्टीची नोंद ठेवणे सोपे. न घडलेल्या गोष्टीची कशी ठेवावी? गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर ह्यांची सारी कीर्ती अशा न घडलेल्या गोष्टींवर उभी आहे.

शंखवाळकरांचा जन्म १९५४ सालचा, पणजीला लागून असलेल्या ताळगावचा. ताळगाव हे नाव गोव्याबाहेर फारसे कोणास ठाऊक नसेल. गोव्यात मात्र तेथील वांग्यांची ख्याती मोठी. त्या प्रांतात भाताची कापणी आटोपली, की रिकाम्या शेतात पोरे चेंडू घेऊन उतरतात; शेताचे क्रीडांगण व्हावयास दोन दगड पुरतात. गोवा पोर्तुगिजांच्या अमलातून १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, तेव्हा शंखवाळकर सात वर्षांचे होते. म्हणजे भारताच्या संघातून खेळण्याचा विचार गोव्यातील मुलाच्या मनात येणे शक्य झाले, त्याच पिढीचे ते होत.

श्रोते हो, गोलाची चौकट चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच असते. एकट्या माणसाने दोन्ही हात पसरले, तरी तिचा चतुर्थांशही झाकला जात नाही. म्हणून चांगला गोलरक्षक खांबांमध्ये खिळून राहत नाही. चढाई करणारा समोर आला, की तो चार पावले पुढे सरकतो; त्यायोगे मागची चौकट चेंडू मारणाऱ्यास अरुंद दिसू लागते. हे पुढे सरकणे क्षणभर आधी झाले, तर चेंडू डोक्यावरून जातो. क्षणभर उशिरा झाले, तर बगलेतून. प्रेक्षकांना झेप दिसते व ते टाळ्या पिटतात. परंतु ज्या गोलरक्षकाला झेप घेण्याची वेळच कमी येते, तो अधिक जाणता समजावा. त्यातून कोकणपट्टीतील पाऊस! भिजलेला चेंडू हातून साबणाच्या वडीसारखा निसटतो.

त्या काळी ह्या खेळात नाव काढावयाचे तर कलकत्ता गाठावे, अशी रूढी होती. पैसा तेथे, प्रेक्षक तेथे. शंखवाळकरांनी मात्र १९७४ पासून जवळजवळ दीड तप गोव्याच्याच साळगावकर संघाचे गोल राखले.

मग कलकत्त्याशी गाठ पडली ती १९८३ साली, संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात. १९४१ साली ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिला मान बंगालने मिळविला होता, आणि त्यानंतरही कितीतरी वेळा. समोर गोवा, त्या वेळी तो घटक राज्यही नव्हता, दमण व दीव ह्यांच्याशी जोडलेला एक केंद्रशासित प्रदेश होता. सामना बंगालच्या अंगणात. निकाल शून्य-शून्य. पुन्हा खेळविला; पुन्हा शून्य-शून्य. करंडक दोघांत वाटून द्यावा लागला. पुढल्या वर्षी मद्रासेस गोव्याने पंजाबला एक गोलाने हरविले आणि करंडक एकट्याने नेला. अंतिम फेरीचे तीन सामने, आणि गोव्याच्या जाळ्यात एकदाही चेंडू गेला नाही.

१९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडा सामन्यांत भारताचे कर्णधार भास्कर गांगुली, तेही गोलरक्षक आणि बंगालचे. त्यांच्यानंतर १९८३ ते १९८६ पर्यंत ही धुरा शंखवाळकरांकडे आली. गोलरक्षकाने नेतृत्व करणे थोडे अडचणीचेच; पंचाशी दोन शब्द बोलावयाचे, तरी अर्धे मैदान तुडवावे लागते. परंतु सारा डाव ज्याला समोरून दिसतो, असा संघात तोच एक.

त्याच १९८६ च्या मे महिन्यात स्पेनमधील सेव्हिल येथे युरोपीय करंडकाचा अंतिम सामना झाला. रुमानियाच्या स्टेआवा बुखारेस्ट ह्या लष्करी संघाचा गोलरक्षक हेल्मुट डुकाडाम ह्याने बार्सिलोनाच्या पेनल्टीचे चारही फटके लागोपाठ अडविले. एका रात्रीत त्याचे नाव युरोपभर झाले. पुढे थोड्याच दिवसांत उजव्या हाताच्या रक्तवाहिनीतील विकाराने त्याची ऐन उमेदीतील कारकीर्द खुंटली. त्याला एक रात्र लाभली, आणि ती जगाने पाहिली. शंखवाळकरांना वर्षे लाभली. ती पाहणारे थोडे.

साळगावकर संघाने १९८८ व १९८९ साली लागोपाठ फेडरेशन करंडक जिंकला, तेव्हा शंखवाळकर पस्तिशीच्या घरात होते. अर्जुन पुरस्कार १९९७ साली मिळाला. गोव्यातील फुटबॉलपटूस तो प्रथमच मिळत होता. पद्मश्री आली २०२२ साली. कलकत्त्याच्या त्या दोन शून्यांना तोवर एकोणचाळीस वर्षे झाली होती.