चिपाडाची वीज आणि मॉरिशसचे स्वावलंबन



बेटांच्या ऊर्जेचा प्रश्न निघाला की सूर्य आणि वारा यांचे गोडवे गाइले जातात. साधनांची मालकी कोणाची, हे विचारायचे मात्र राहून जाते. मॉरिशसचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

या बेटावर तेल नाही, कोळसा नाही; आहे तो ऊस. आधी गुलामांनी आणि 1834 पासून हिंदी करारबद्ध मजुरांनी दगडधोंडे वेचून ही शेते उभी केली. त्या मजुरांत कोकणातून गेलेली मराठी माणसेही होती. गाळपानंतर उरणारे चिपाड, म्हणजे कारखान्याच्या भाषेत बगॅस, जाळून तेथे वीज निर्माण होते आणि सरकारी वीज मंडळ ती विकत घेते. 1991 मध्ये सरकारने त्यासाठी खास कार्यक्रमच आखला. परदेशी तेलावाचून दिवा लागावा, ही आकांक्षा रास्तच होती.

परंतु गळीत हंगाम साधारणतः जून ते डिसेंबर. एरवी त्याच बॉयलरांत आयात केलेला कोळसा जळतो. ही वीजकेंद्रे मुख्यतः साखर कंपन्यांच्या हाती. ज्याच्या शेतातून चिपाड येते त्या छोट्या ऊसकऱ्याला त्यापोटी वर्षानुवर्षे मिळाले ते नाममात्र. अशातच 2006 ते 2009 या काळात युरोपने साखरेचा हमीभाव 36 टक्क्यांनी उतरवला. बड्या मळेवाल्यांना जमिनीवर हॉटेले आणि बंगले उभारण्याची वाट मोकळी होती. छोट्या शेतकऱ्याने काय करावे? त्याने शेत पडीक टाकले. 1973 मध्ये सात लाख टनांवर गेलेले साखरेचे उत्पादन 2022 मध्ये अडीच लाखांच्याही खाली आले. ऊस घटला तसे चिपाड घटले, आणि कोळशावरील व तेलावरील भिस्त कायम राहिली. (याच महाशयांकडून पर्यावरणावर प्रवचनेही ऐकावी लागतात!)

2030 पर्यंत 60 टक्के वीज अक्षय साधनांपासून मिळवण्याचा संकल्प सरकारने केला होता. 2022 मध्ये हे प्रमाण जेमतेम एक पंचमांशाच्या आसपास होते. अलीकडे चिपाडाचा मोबदला सरकारने वाढवला, हे योग्यच झाले. पण तोवर हजारो शेतकरी उसापासून दूर गेले होते. आता सौरवीजकेंद्रांची पाळी आली आहे. त्यांच्या परवानगीचे आणि वीजखरेदीचे करार पुन्हा त्याच मळेवाल्यांच्या पदरात पडणार, की ऊसकऱ्यांच्या सहकारी संस्थांनाही त्यांत वाटा मिळणार, हे तेथील कामगार चळवळीला सरकारकडून आताच वदवून घ्यावे लागेल.